घोड्याची किंमत विचारू नका, खुराक विचारा

सरळ मुद्द्यावर येतो. कार्टिंगमध्ये जरा हात बसला, दोन-चार कप घरी आले की "आता पुढे काय?" हा प्रश्न येतोच. आणि त्याचं सध्या सगळीकडे एकच उत्तर मिळतं : फॉर्म्युला फोर. ट्रॅकवरचा कोच तेच सांगतो, अकादमीवाले तेच सांगतात. नेटफ्लिक्सवर ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ बघून रेसिंग शिकलेले आमच्या ऑफिसातले लोक तर अशा थाटात सांगतात, की जणू हिंजवडी फेज वनमधून निघालं की फेज थ्रीच्या आधी मोनॅको लागतं.

माझं म्हणणं असं, की हे उत्तर बहुतेकांसाठी साफ चुकीचं आहे. आणि ज्या घरात पगार किंवा शेती यापलीकडे तिसरं उत्पन्न नाही, त्या घरासाठी ते धोक्याचं आहे.

मी मूळचा शहाद्याचा. जिल्हा नंदुरबार. (१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला तो. पुण्यात अजूनही लोक विचारतात, "म्हणजे गुजरातमध्ये ना?" नाही हो. नवापूर स्टेशनवर अर्धा फलाट गुजरातेत आहे, जिल्हा आमचा महाराष्ट्रातच आहे.) आमच्याकडे पपई, केळी, कापूस, ऊस आणि नंदुरबारची मिरची. रेसिंगचा ट्रॅक नाही. तरी गाडीचं वेड भरपूर. तोरणमाळचा घाट चढताना ज्याला गिअर कधी टाकायचा ते कळलं, त्याला गाडी कळली, असं आमच्याकडे मानतात.

तर माझा मामेभाऊ, वय वर्षं १७. सुट्टीत पुण्याला माझ्याकडे यायचा तेव्हा कार्टिंगची चटक लागली. मग भाड्याच्या कार्टवर रोटॅक्सच्या थोड्या रेसेस केल्या. निकाल बरे आले. लगेच एका अकादमीकडून मामांच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. (नाव सांगत नाही, तो मुद्दा नाही.) ‘आपल्या मुलाची फॉर्म्युला फोर कार्यक्रमासाठी निवड झाली आहे. पन्नास टक्के स्कॉलरशिप.’ राहिलेले पन्नास टक्के किती, ते शेवटच्या पानावर लहान अक्षरात. मामांनी मला फोन केला, "भाचेबुवा, पपईचं दोन एकर रान काढलं तर एवढं भागेल का हो?"

पोराचं टॅलेंट किती, ही गाडी त्याला झेपेल का, हे मामांनी विचारलंच नाही. पहिला प्रश्न रान विकण्याचा! हा लेख त्या पीडीएफला दिलेलं उत्तर समजा.

घोडा आणि खुराक

आमच्या तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा आहे. एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि दत्तजयंतीला भरणारी यात्रा. देशभरातून घोडे विकायला येतात. तिथे जुनीजाणती माणसं घोडा बघताना किमतीवर फार वेळ घालवत नाहीत. किंमत एकदाच मोजायची असते. खुराक, नाल, मोतद्दार आणि डॉक्टर हे रोजचं. घोडा घेणं अवघड नाही हो, सांभाळणं अवघड.

रेसकारचंही अगदी तेच. "सीझनची सीट कितीला?" हा घोड्याच्या किमतीचा प्रश्न झाला. खरे प्रश्न पुढे आहेत :

१. टायर किती लागतात आणि ते सीटच्या पैशात आहेत की वेगळे?

२. गाडी ठोकली तर बिल कोणाच्या नावावर? (रेसिंगमध्ये गाडी ठोकली ‘तर’ असं नसतंच. ठोकली ‘की’ असतं.)

३. सुटा भाग कुठून येतो? कोइमतूरच्या वर्कशॉपमधून की फ्रान्समधून?

४. सरावाचे दिवस किती आणि त्याचे पैसे वेगळे का?

५. ट्रॅकवर पोचायला, राहायला आणि परतायला काय लागतं? रजा किती जातात?

६. आणि हे सगळं करून सीझनभरात प्रत्यक्ष रेसिंगची मिनिटं किती मिळतात?

हे सहा आकडे एका एक्सेल शीटमध्ये टाका. एकूण खर्चाला रेसिंगच्या मिनिटांनी भागा. जो आकडा येईल तो त्या क्लासचा खरा भाव. माझा स्वतःचा अंगठ्याचा नियम असा, की पत्रकावर छापलेल्या आकड्याची दीडपट खिशात नसेल तर त्या क्लासकडे बघायचंच नाही. आपण ऑफिसात प्रोजेक्टचं एस्टिमेट देताना बफर ठेवतो ना? मग स्वतःच्या पैशांचं एस्टिमेट करताना बफर कुठे जातो? तिथे एकदम सगळे आशावादी!

दोन ‘फोर’, आणि त्यांतली गल्लत

आता गंमत बघा. भारतात ‘फॉर्म्युला फोर’ नावाच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि अर्धा गोंधळ त्यातूनच होतो.

एक, एफ-४ इंडियन चॅम्पियनशिप. हिला आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे एफआयएची मान्यता आहे. पहिला मोसम २०२३ चा. गाडी फ्रान्सच्या मिगाल कंपनीची. कार्बन फायबरचा मोनोकॉक, डोक्यावर हेलो, टर्बो इंजिन, पंख, स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलायचे गिअर. गाडी सुंदर आहे, वादच नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर चेन्नईत रस्त्यावर दिव्यांच्या उजेडात रेस झाली, तिच्यात याच गाड्या होत्या.

दोन, एलजीबी फॉर्म्युला फोर. काही ठिकाणी एलजीबी १३०० म्हणतात. ही कोइमतूरची गाडी. लोखंडी नळ्यांची फ्रेम, मारुतीचं १३०० सीसी इंजिन, हाताने टाकायचे गिअर, पंख वगैरे काही नाही. एलजीबी म्हणजे एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्स. तुमच्या बाइकला जी ‘रोलॉन’ चेन असते ना, तेच हे लोक. नंदुरबारच्या स्पेअर पार्टच्या दुकानातही टांगलेली दिसेल.

कार्टनंतर पहिली रेसकार कोणती, या प्रश्नाचं माझं उत्तर ही दुसरी. बिनपंखी, बिनटर्बो, मारुती इंजिनाची. नवशिक्यांसाठी जेके टायरच्या राष्ट्रीय स्पर्धेत याच जातीच्या गाड्यांचा ‘नोव्हिस कप’ असतो. आधी तो, मग मुख्य एलजीबी फोर.

का? कारण ही गाडी ठोकता येते. हसू नका. शिकणारा माणूस ठोकणारच, आणि कार्टमधून आलेला तर जास्तच. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियल नसतं, मागचा आस एकसंध असतो आणि रोटॅक्स सीनियरसारख्या क्लासमध्ये गिअरही नसतात. तिथे दहा वर्षं घालवलेल्या मुलालाही गाडीत बसल्यावर वजन पुढे-मागे कसं सरकतं ते पहिल्यापासून शिकावं लागतं. ब्रेक दाबताना नाक खाली जातं, मागची चाकं हलकी होतात, त्याच वेळी उजव्या पायाच्या टाचेने रेव्ह देऊन खालचा गिअर टाकायचा. हे शिकताना गाडी चार वेळा गोल फिरते, दोन वेळा दुसऱ्यावर जाते. नळीची फ्रेम वाकली तर कापून वेल्डिंग करता येते, सस्पेन्शनचा दांडा वर्कशॉपमध्येच बनतो. कार्बनच्या मोनोकॉकला तडा गेला तर वेल्डिंगवाल्याला बोलावून काही उपयोग नाही. तिथे फक्त कार्ड स्वाइप करायचं.

दुसरं कारण, पंख नसणं. पंखांच्या गाडीत समोरच्याच्या अगदी मागे गेलं की हवा बिघडते आणि वळणात पकड कमी होते. बिनपंखी गाडीत सरळ रस्त्यावर मागे चिकटून बसता येतं आणि वळणातही फारसं नुकसान होत नाही. म्हणून या रेसेसमध्ये चार-चार गाड्यांचे घोळके शेवटच्या लॅपपर्यंत एकत्र असतात. ओव्हरटेक करायला आणि स्वतःची जागा राखायला शिकायचं असेल तर याहून चांगली शाळा नाही. मोकळ्या ट्रॅकवर एकट्याने वेगात जाणं तुम्ही सिम्युलेटरवरही शिकाल.

मोठी माणसं कुठून आली?

"पण त्या जुनाट गाडीतून कोण पुढे जातं?" हा वाद घालणाऱ्यांसाठी थोडा इतिहास.

आजवर फॉर्म्युला वनच्या रेसमध्ये उतरलेले भारतीय दोन. नारायण कार्तिकेयन (२००५, जॉर्डन) आणि करुण चंढोक (२०१०, हिस्पानिया). दोघांचीही देशातली सुरुवात फॉर्म्युला मारुतीमध्ये झाली. म्हणजे मारुती ८०० च्या इंजिनावर बांधलेली, एकच सीट असलेली छोटी गाडी. ती बनवली कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी. घर गिरणीमालकांचं, पण डोकं मेकॅनिकचं. त्यांनी ओळखलं की भारतात रेसिंग वाढायचं असेल तर इंजिन असं हवं जे गल्लीतल्या गॅरेजमध्ये उघडता येतं. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. कोइमतूरच्या चेट्टिपाळयमला एका जुन्या धावपट्टीच्या जागी २००३ साली ट्रॅक झाला, त्याला त्यांचंच नाव आहे : करी मोटर स्पीडवे. एलजीबीच्या गाड्या आजही तिथे धावतात.

आता कोणी म्हणेल, नारायण आणि करुण दोघेही खात्यापित्या, रेसिंगमधल्याच घरांतले होते. बरोबर! माझा मुद्दा तोच आहे. ज्यांना परवडत होतं त्यांनीसुद्धा मारुतीच्या इंजिनावर हात बसवला. आणि ज्यांना परवडत नाही त्यांना आपण सांगतो की कार्बन फायबरपासून सुरुवात करा. हे कुठलं शहाणपण?

बाहेर बघितलं तरी हेच. इंग्लंडमध्ये १९६७ ला फॉर्म्युला फोर्ड सुरू झाली, तिची कल्पनाच मुळी ही होती की रस्त्यावरच्या फोर्डचं इंजिन, साधे टायर आणि पंख नाहीत. आयर्टन सेना १९८१ साली कार्टमधून उठून थेट त्याच फॉर्म्युला फोर्ड १६०० मध्ये जाऊन बसला. त्याच्याही आधी फोक्सवॅगन बीटलच्या सुट्या भागांवर फॉर्म्युला व्ही उभी राहिली. निकी लाउडा तिच्यातून गेला, केके रोझबर्गही तिच्यातून गेला. दोघे पुढे जगज्जेते झाले. स्वस्त, सारख्या, दुरुस्त होणाऱ्या गाड्या ही काही गरीब देशाची तडजोड नाही. जगभर पहिली पायरी तीच होती.

सुपर लायसन्सचं गाजर

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा घेतो. टाळण्यात अर्थ नाही.

ते म्हणतात, "जमाना बदलला. फॉर्म्युला वनला जायचं तर सुपर लायसन्सचे ४० पॉइंट लागतात. एफआयएच्या एफ-४ मध्ये ते मिळतात, एलजीबीमध्ये शून्य." हे खरं आहे. एफआयएची एफ-४ स्पर्धा जिंकली तर १२ पॉइंट मिळतात, एलजीबी जिंकली तर एकही नाही.

पण हा हिशोब पुढे करून बघा ना. १२ पॉइंट जिंकणाऱ्याला. तिसऱ्या-चौथ्या नंबरला त्याहून बरेच कमी, शेवटच्याला काहीच नाही. ४० पुरे करायचे तर पुढे एफ-३, एफ-२ आलंच. युरोपात एफ-४ चा एक मोसमच काही लाख युरोंना जातो, आणि एफ-२ चा मोसम दोन अंकी कोटींत. मुंबईचा जेहान दारूवाला बघा. २०११ साली फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेत निवडला गेला, नंतर २०२० ते २०२३ अशी सलग चार वर्षं एफ-२ मध्ये धावला, रेसेस जिंकल्या. एवढा गुणी मुलगा, पाठीशी पैसा आणि मोठ्या टीमचा कार्यक्रम. तरीही फॉर्म्युला वनची सीट मिळाली नाही. कुश मैनीने २०२५ मध्ये मोनॅकोत एफ-२ ची स्प्रिंट रेस जिंकली. मोनॅकोत! तरी रांग पुढे आहेच.

हे मी त्यांना कमी लेखायला सांगत नाही. दोघांबद्दल आदरच आहे. सांगायचं एवढंच, की जिथे हे अडकतात तिथे दोन एकर पपई कितीशी पुरणार? पहिली पायरी चढायला रान विकलं तर दुसरीला काय विकणार? राहतं घर?

आणि वयाचं काय? एफ-४ मध्ये पोरं पंधराव्या वर्षी येतात. फॉर्म्युला वनचं किमान वय १८, आणि तेही मॅक्स फर्स्टापेन २०१५ ला सतराव्या वर्षी उतरला म्हणून नियमात आलं. तुम्ही २६ वर्षांचे आहात, बऱ्या कंपनीत आहात आणि दोन वर्षांपासून शनिवारी कार्टिंग करताय. तुम्हाला सुपर लायसन्सच्या पॉइंटचं करायचं काय आहे? लोणचं घालायचंय? तुमच्यासाठी ती शिडी नाहीच. तुम्हाला रेसिंग करायचंय, करिअर नाही. ही दोन खाती वेगळी ठेवा. पहिल्या खात्यात खर्च दाखवायचा आणि दुसऱ्या खात्यातली स्वप्नं विकायची, हाच तर सगळा धंदा आहे.

बाकीचे पर्याय, आणि ते का नाहीत

कंपन्यांचे कप. फोक्सवॅगनने २०१० ला पोलो कप सुरू केला, पुढे व्हेंटो आली, मग अमियो. आपल्या कोल्हापूरचा ध्रुव मोहिते अमियो कपमध्ये धावलेला आहे. छान स्पर्धा होती. टोयोटानेही एटिऑसची स्पर्धा काढली होती. पण हे क्लास कंपनीच्या मार्केटिंगच्या बजेटवर जगतात. अमियो आणि एटिऑस या दोन्ही गाड्याच २०२० मध्ये बाजारातून गेल्या. एटिऑस निदान चेन्नईच्या सलून क्लासमध्ये पुढेही धावत राहिल्या. तर नियम असा, की ज्या क्लासचा मालक गाडी विकणारा आहे, तो क्लास गाडीच्या विक्रीइतकाच टिकतो. एलजीबीची गाडी कोणी शोरूममध्ये विकत नाही, म्हणून ती टिकली.

स्वतःची गाडी बनवून टूरिंग कार क्लासमध्ये उतरणं. पुण्यातल्या पोरांना हे फार आवडतं. रिमॅप, एक्झॉस्ट, कॉइलओव्हर... प्रत्येक वेळी शेजारच्याकडे काहीतरी नवीन असतं आणि तुमच्याकडे नसतं. ही रेस ट्रॅकवर कमी आणि गॅरेजमध्ये जास्त चालते. मेकॅनिकल डोकं असेल तर मजा आहे, मान्य. पण परवडणारी मुळीच नाही, आणि हरलात तर हात कमी पडला की इंजिन, हे कळतही नाही. सारख्या गाडीत हरलं की सबब उरत नाही. शिकायला तेच हवं.

इथे कॉलेजचं एक उदाहरण देतो. इंजिनिअरिंगला असताना आमची टीम बाहा एसएई इंडियाला गेली होती. पिथमपूर, मध्य प्रदेश. शहाद्याहून खेतिया, सेंधवा करत जाता येतं. तिथे सगळ्यांना इंजिन एकच : ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं, आणि त्याला हात लावायचा नाही. म्हणून श्रीमंत कॉलेज पैशाने ताकद विकत घेऊ शकत नव्हतं. जिल्ह्याच्या गावातली कॉलेजंही चांगल्या वेल्डिंगच्या आणि चांगल्या ड्रायव्हरच्या जोरावर मोठ्यांना घाम फोडत. नियमाने पैशाचा फायदा बंद केला की खेळ मोठा होतो, ही गोष्ट मी त्या धुळीत शिकलो.

आणि सिम्युलेटर? जरूर घ्या. ट्रॅक पाठ करायला, रेसची शिस्त शिकायला उत्तम. पण त्यात ठोकल्यावर रीसेटचं बटण असतं. मामांच्या पपईला ते नसतं.

दीड हजार किलोमीटरचा खुराक

एक खर्च असा आहे जो तमिळनाडूतल्या मुलाला दिसत नाही आणि आपल्याला सोडत नाही. प्रवास. देशात गाड्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा मुख्यतः तीन ठिकाणी होतात किंवा होत आल्या : कोइमतूरचा करी, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. महाराष्ट्रात चाकण आहे, रांजणगाव आहे, नाशिक आहे, संभाजीनगर आहे, पुण्यात एआरएआय आहे. देशाच्या गाड्या आपण बनवतो, तपासतो, विकतो. पण त्या राष्ट्रीय स्पर्धेत पळवायला एक कायमचं सर्किट नाही! कोल्हापूरच्या मोहित्यांनी कार्टिंगचा ट्रॅक बांधला, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आणि त्या एका गावातून ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक अशी पोरं पुढे आली. कृष्णराज तर ब्रिटिश एफ-३ पर्यंत गेला. ट्रॅक घराजवळ असला की काय होतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. पण तिथेही कार्टच्या पुढे गाडी पळवायची तर दक्षिणेची रेल्वे धरावीच लागते.

नंदुरबारहून कोइमतूर म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या आसपास. आधी सुरत, मग पुढची गाडी. शुक्रवारी सराव म्हटलं तर बुधवारी घर सोडायचं आणि मंगळवारी परतायचं. समजा मोसमात चार फेऱ्या आहेत. नोकरी करणाऱ्याच्या प्रत्येक वेळी चार रजा गेल्या, म्हणजे वर्षाच्या सोळा. शिकणाऱ्याचे तेवढे दिवस कॉलेज बुडालं. म्हणून आपल्यासाठी सोपा नियम : ज्या क्लासच्या फेऱ्या एक-दोन ट्रॅकवरच आहेत आणि ज्याची टीम गाडी तिथेच ठेवते, तो घ्या. तुम्ही हेल्मेटची बॅग घेऊन जायचं, गाडी चालवायची, परत यायचं. गाडी स्वतः वाहून न्यायची असेल तर त्या ट्रकचं भाडंच तुम्हाला गिळेल.

मग करायचं काय?

मामांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो.

पहिलं, एक पूर्ण मोसम भाड्याच्या रोटॅक्स कार्टवर. विकत नाही, भाड्याने. रोटॅक्सची इंजिनं सील केलेली असतात, त्यामुळे भाड्याचं इंजिन म्हणजे मार खाल्लं असं नसतं. तिथे पहिल्या पाचात येत नसाल तर गाडीचा विचार पुढच्या वर्षी. कार्ट घेऊन दिलेलं कार्टं वर्षभरात कंटाळलेलं मी पाहिलंय.

दुसरं, कोइमतूरला किंवा चेन्नईला ट्रेनिंग स्कूलचे दोन-तीन दिवस. फॉर्म्युला गाडीत बसल्यावर मान, मनगट आणि डोकं किती टिकतं ते तिथेच कळतं. एफएमएससीआयचं लायसन्स, मेडिकल वगैरे सोपस्कारही आटपून घ्या.

तिसरं, नोव्हिस कप किंवा एलजीबी फोर, दोन मोसम. करार लेखी. ‘डॅमेज’चा कलम नीट वाचा. जास्तीत जास्त भरपाईची मर्यादा लिहून घ्या. टीम ती लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरी टीम बघा.

चौथं, मोजमाप. दोन मोसमांनंतर त्याच गाड्यांमध्ये तुम्ही सातत्याने पहिल्या तिघांत असाल, तर ते निकाल घेऊन प्रायोजकाकडे जा. प्रायोजक मिळाला, तोही लेखी, तर खुशाल एफ-४ मध्ये जा. मी हार घेऊन येतो. नाही मिळाला, तर त्याच क्लासमध्ये मजेत धावत राहा. त्यात काहीही कमीपणा नाही. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्याला आपण विचारतो का, की रणजी कधी?

आणि पाचवं, जिथे काटकसर करायची नाही ती जागा. हेल्मेट, हान्स, सूट, हातमोजे, बूट. परवडणारा क्लास म्हणजे परवडणारं हेल्मेट नाही. २०२३ या एका वर्षात चेन्नईच्या ट्रॅकवर जानेवारीत एक अनुभवी कार ड्रायव्हर आणि ऑगस्टमध्ये १३ वर्षांचा एक बाइकस्वार मुलगा गेला. हा खेळ खराच धोक्याचा आहे. म्हणूनच पैसे गाडीच्या चकचकाटात न घालता आधी अंगावर घाला. ट्रेनिंग न घेता रेसमध्ये उतरवायला जो तयार होतो, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.

हे सगळं ऐकून मामेभाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. "दादा, तू माझं करिअर संपवलंस" असा मेसेज आला. रान मात्र अजून मामांच्या नावावर आहे, आणि पोरगं आता नोव्हिस कपच्या ट्रेनिंगसाठी स्वतःहून तारखा विचारतंय.

अकादमीवाल्यांचा मला राग नाही. त्यांचाही धंदा आहे. राग आहे तो आपल्या सुशिक्षित, शहरी, स्प्रेडशीटवाल्या मंडळींचा. आपण मोबाइल घेताना पाच वेबसाइटवर भाव बघतो, फ्लॅट घेताना कार्पेट एरिया मोजतो, आणि गावाकडच्या एखाद्या बापाने "एफ-४ ला घालू का पोराला?" असं विचारलं की "वा, ग्रेट! फॉलो युवर ड्रीम!" असं म्हणून मोकळे होतो. स्वप्न त्यांचं, रान त्यांचं, आपल्याला फक्त लाइक द्यायचंय. तेवढं तरी थांबवू या. कोणी विचारलं तर आधी वरचे सहा आकडे काढायला बसवू, मग शाबासकी देऊ.

असो. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी जरूर वाद घालावा, पण हिशोबाची शीट घेऊन यावं. सगळे रकाने भरलेले हवेत. ‘डॅमेज’चासुद्धा.